बोनस नेमका कशावर द्यायचा? श्रीकांत दातारांचं गणित, वड्याच्या हिशोबात

३१ मार्चची रात्र, साडेदहा वाजलेले. कारखान्याच्या गेटवर तीन ट्रक उभे आणि डिस्पॅचचा माणूस घाईघाईने चलनांवर शिक्के मारतोय. माल कुठे उतरवायचा हे ड्रायव्हरलाही माहीत नाही. त्याला एवढंच सांगितलंय की बाराच्या आत गेटबाहेर पड आणि हायवेच्या ढाब्यावर गाडी लावून झोप. ही माझी पहिली नोकरी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यातले दोन ट्रक ‘माल परत’ असा शेरा घेऊन त्याच गेटातून आत आले. रजिस्टरवर नोंद मीच केली.

सेल्स मॅनेजरचा बोनस मार्चअखेर गेटबाहेर गेलेल्या मालावर ठरायचा. माल गेटबाहेर गेला होता. नियमाप्रमाणे त्याचं काहीच चुकलं नव्हतं!

मार्च एंडिंगची ही गंमत वाणिज्य शाखेच्या प्रत्येकाने कुठे ना कुठे पाहिलेली असते. पण बोनस कुठल्या आकड्यावर लावावा आणि किती लावावा, याचा कुणी गणित मांडून विचार केलाय हे मला बऱ्याच उशिरा कळलं. ज्यांनी केला त्यांच्यातलं एक नाव आपल्या ओळखीचं आहे: श्रीकांत दातार. कॉस्टिंगच्या विद्यार्थ्यांना ते जाडजूड पुस्तकाच्या पाठीवरून माहीत असतात. चार्ल्स हॉर्नग्रेन यांनी सुरू केलेल्या कॉस्ट अकाउंटिंगच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाचे दातार पुढे सहलेखक झाले. माझ्याकडची प्रत सेकंडहँड होती, आणि आधीच्या मालकाने व्हेरियन्सच्या प्रकरणापर्यंतच पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. त्यापुढे तोही थकला असावा.

दातार मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, १९७३ सालचे. मग चार्टर्ड अकाउंटंट झाले, कॉस्ट अकाउंटंट्सच्या इन्स्टिट्यूटचं सुवर्णपदक मिळवलं, १९७८ साली अहमदाबादच्या आयआयएममधून बाहेर पडले, तेही सुवर्णपदक घेऊनच. एवढ्यावर आपल्याकडे माणूस आयुष्यभर मजेत राहतो. ते मात्र स्टॅनफर्डला गेले, तिथे दोन मास्टर्स पदव्या व पीएचडी केली, आणि १९८४ पासून पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकवायला लागले. १९८९ ते १९९६ पुन्हा स्टॅनफर्ड, नंतर हार्वर्ड बिझनेस स्कूल. १ जानेवारी २०२१ पासून ते त्या स्कूलचे डीन आहेत, अकरावे. त्यांच्या आधीचे डीन नितीन नोहरियाही भारतातूनच गेलेले. २०२१ मध्येच दातारांना पद्मश्री मिळाली. बातम्यांत हे सगळं येऊन गेलंय. बातम्यांत येत नाही ते त्यांचं खरं काम, कारण ते ग्रीक अक्षरांत लिहिलेलं आहे. त्यातले दोन पेपर, म्हणजे शोधनिबंध, मी इथे वड्याच्या हिशोबात सांगायचा प्रयत्न करतो.

समजा, एसटी स्टँडसमोर एक हॉटेल आहे. मालक आबा दुसऱ्या गावी राहतात, त्यांची शेती आहे, बाकीची कामं आहेत. हॉटेल दत्ता सांभाळतो. सकाळी पाचला शटर उघडणं, बटाटे उकडायला लावणं, घाण्यावर लक्ष ठेवणं, पोरांकडून टेबलं पुसून घेणं, रात्री गल्ला मोजून आबांना फोन करणं, हे सगळं त्याच्याकडे. दत्ता दिवसभर किती राबला हे आबांना दिसत नाही. त्यांना रात्रीच्या फोनवर एक आकडा ऐकू येतो, बस्स.

आबांपुढे दोन सोपे रस्ते आहेत. एक, ठरलेला पगार द्यायचा. मग दत्ता दुपारी दोनला गल्ल्यावर डुलक्या काढणार, कारण डुलकी काढली काय नि न काढली काय, पहिल्या तारखेला तेवढेच पैसे. दोन, गल्ल्यात टक्का द्यायचा. हे वरवर झकास वाटतं. पण गल्ला दत्ताच्या मेहनतीवर थोडा आणि एसटीवर फार अवलंबून असतो. २०२१ च्या नोव्हेंबरात एसटीचा संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला, ते आठवा. स्टँडवर गाड्याच नाहीत तर वडा कोण खाणार? त्या महिन्यांत जगातला सर्वांत कष्टाळू मॅनेजरही टक्क्यावर उपाशी मेला असता. आणि जत्रेच्या आठवड्यात सर्वांत आळशी मॅनेजर मालामाल झाला असता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नशिबावर हलणारा पगार माणसाला आवडत नाही. महिन्याला पंचवीस हजार नक्की, की कधी दहा तर कधी चाळीस, असं विचारलं तर घरभाडं आणि पोरांची फी भरणारा दत्ता पंचवीस नक्की घेईल. चढउताराचा पगार त्याच्या गळी उतरवायचा तर आबांना सरासरी जास्त द्यावी लागेल, अठ्ठावीस म्हणा. हे वरचे तीन हजार मेहनतीचे नाहीत. ते अनिश्चिततेचं भाडं आहे आणि ते आबांच्या खिशातून जातं. म्हणून आबांना असा आकडा हवा, जो दत्ताच्या मेहनतीने हलेल आणि बाकी कशाने फारसा हलणार नाही.

हे कोडं अर्थशास्त्रात जुनं आहे. मालक आणि त्याने नेमलेला माणूस यांच्यातला हा तिढा, एजन्सी थिअरी म्हणतात तिला. बेंग्ट होल्मस्ट्रॉम यांनी १९७९ साली दाखवलं की दत्ताच्या मेहनतीबद्दल नवी खबर देणारा कुठलाही आकडा करारात घेण्यासारखा असतो. होल्मस्ट्रॉम यांना २०१६ साली ऑलिव्हर हार्ट यांच्याबरोबर नोबेल मिळालं ते करारांच्या याच अभ्यासासाठी. ठीक, घेण्यासारखा असतो. पण किती घ्यायचा? बोनसच्या सूत्रात गल्ल्याला किती वजन आणि दुसऱ्या आकड्याला किती? हिशोबनिसाचा प्रश्न हा आहे. राजीव बँकर आणि दातार यांनी १९८९ साली ‘जर्नल ऑफ अकाउंटिंग रिसर्च’मध्ये याचं उत्तर दिलं. दोघंही तेव्हा कार्नेगी मेलनला होते.

त्यांनी आधी हे तपासलं की वेगवेगळे आकडे साध्या बेरजेने एकत्र करून त्यावर बोनस देणं केव्हा योग्य ठरतं. मग त्या बेरजेत प्रत्येक आकड्याचं वजन काढायचा नियम दिला: संवेदनशीलता गुणिले अचूकता. संवेदनशीलता म्हणजे दत्ताने जीव लावून काम केलं तर आकडा किती हलतो. अचूकता म्हणजे बाकीच्या कारणांनी तो किती कमी हलतो.

आकडे घालून बघू. दत्ता मनापासून राबला तर रोजचा गल्ला सरासरी २,००० रुपयांनी वाढतो. पण पाऊस, परीक्षा, लग्नसराई, बंद यामुळे तोच गल्ला एरवीही ८,००० रुपयांनी इकडेतिकडे होत असतो. दुसरा आकडा रात्री फेकून द्यावी लागणारी उरलेली भाजी, पीठ, शिळे वडे, म्हणजे नासाडी. दत्ताने लक्ष घातलं तर ती रोज ५०० रुपयांनी कमी होते, आणि बाकीच्या कारणांनी होणारा चढउतारही ५०० चाच आहे.

मालकाला कुठला आकडा मोठा वाटेल? अर्थात गल्ला. दोन हजारांपुढे पाचशेची काय कथा! पण नियम लावा. नासाडीची संवेदनशीलता गल्ल्याच्या एक चतुर्थांश. तिचा आगंतुक चढउतार सोळाव्या हिश्शाचा, आणि या गणितात चढउताराचा वर्ग धरतात, म्हणून अचूकता २५६ पट. दोन्ही आकड्यांचे चढउतार एकमेकांत गुंतलेले नसतील, तर २५६ भागिले ४, म्हणजे ६४. गल्ल्याच्या वाढीव रुपयामागे दत्ताला १ पैसा द्यायचा तर नासाडीतून वाचवलेल्या रुपयामागे ६४ पैसे द्यायला हवेत.

हा आकडा पहिल्यांदा हाताने काढला तेव्हा मी दोनदा तपासला होता. आबांचं घर गल्ल्यावर चालतं, तरी बोनसमध्ये गल्ल्याची पत इतकी कमी! कारण आबांना प्रिय काय, हा प्रश्न या नियमात येतच नाही. प्रश्न फक्त एवढा की दत्ता राबला की नाही हे कुठला आकडा जास्त स्वच्छ सांगतो. गल्ला आबांना श्रीमंत करतो, पण दत्ताबद्दल फार अस्पष्ट बोलतो.

आणखी एक मजा याच नियमातून निघते. स्टँडवर दिवसभरात किती गाड्या लागल्या हा आकडा घ्या. त्यावर दत्ताचा काडीचा ताबा नाही. आपल्या जुन्या शिकवणीप्रमाणे ज्यावर ताबा नाही त्याची जबाबदारी माणसावर टाकू नये, म्हणून हा आकडा बोनसमध्ये नको. गणित म्हणतं, घ्या, पण उलट्या चिन्हाने घ्या. गाड्या जास्त आल्या त्या दिवशी गल्ल्यातून थोडं वजा करा, कमी आल्या तर थोडं मिळवा. आता उरलेला गल्ला एसटीच्या लहरीतून बराचसा मोकळा झाला आणि दत्ताबद्दल जास्त नेमकं बोलायला लागला. संपाच्या काळात दत्ता यानेच तगला असता. ‘बाजार पडला तरी आमचा शेअर कमी पडला’ म्हणून बोनस मागणारे कंपनीप्रमुख हाच मुद्दा मांडत असतात. बाजार चढल्यावर मात्र त्यांना तो आठवत नाही.

तर आबांनी ६४ पैशांचा नियम लावला. पहिला महिना नासाडी निम्मी झाली. दुसऱ्या महिन्यात शून्याजवळ आली. आबा खूश. तिसऱ्या महिन्यात ते संध्याकाळच्या गाडीने न सांगता उतरले, बाकड्यावर बसले आणि दोन वडे मागवले.

‘आबा, वडा संपला.’

‘साडेपाच वाजलेत की रे अजून!’

‘अहो, उगीच जादा घाणा काढून ठेवायचा आणि रात्री फेकायचा? नासाडी होते ना.’

शेजारच्या टपरीवर गिऱ्हाइकांची रांग होती.

दत्ताने लबाडी केली का? मला नाही वाटत. आबांनी ज्याचे पैसे लावले तेच त्याने केलं. १९८९ च्या गणितात एक गृहीत दडलेलं होतं: मेहनत एकाच प्रकारची, दत्ता ती कमी करेल नाहीतर जास्त. खऱ्या दत्ताकडे दहा कामं असतात आणि जीव कुठे ओतायचा हे तो ठरवतो. घाणा कमी काढणं हेही एक कामच. होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रॉम यांनी १९९१ साली या अनेक कामांच्या भानगडीवर बोट ठेवलं होतं. दातारांनी सुसान कल्प आणि रिचर्ड लॅम्बर्ट यांच्याबरोबर २००१ साली त्यात वजनांचा प्रश्न पुन्हा सोडवायला घेतला.

या दुसऱ्या पेपरात एक नवी कसोटी आली. मी तिला ‘ओढीची दिशा’ म्हणतो. बोनसचं अख्खं सूत्र माणसाला ज्या दिशेने ओढतं, ती मालकाच्या फायद्याच्या दिशेशी कितपत जुळते? नासाडीचा आकडा स्वच्छ आहे, पण ओढतो ‘कमी बनव’ या बाजूला. गल्ल्याचा आकडा गढूळ आहे, पण ओढतो ‘जास्त विक’ या बाजूला, जिकडे आबांचाही फायदा आहे. म्हणून आता गल्ल्याचं वजन वाढतं. तो दत्ताबद्दल अजूनही अस्पष्टच बोलतो, पण नासाडीने लावलेली वाकडी ओढ सरळ करायला तो लागतो. त्याच्यासोबत येणाऱ्या अनिश्चिततेचं भाडं आबांनी डोळे उघडे ठेवून भरायचं.

त्यामुळे एकेका आकड्याला सुटं घेऊन त्याचं वजन ठरवता येत नाही. त्याच्या शेजारी कोण बसलाय यावर ते ठरतं. ‘संध्याकाळी सातच्या आत वडा संपला’ असे दिवस आबांनी मोजायला सुरुवात केली, तर हा तिसरा आकडा आला म्हणून पहिल्या दोघांचीही वजनं बदलतात. कंपन्यांत हे सहसा कुणी करत नाही. एचआरवाले दरवर्षी यादीत एक नवा निकष घालतात, दहा टक्के त्याला देतात आणि बाकीच्यांतून सारखे-सारखे कापतात. ग्राहक समाधान २० टक्के, खर्च २० टक्के, विक्री ४० टक्के. हे वीस-वीस आले कुठून विचारलं तर ‘राउंड फिगर बरी दिसते’. मी हे उत्तर एका मीटिंगमध्ये माझ्या कानांनी ऐकलंय.

दातारांचं गणित खऱ्या कंपनीत जसंच्या तसं लावता येतं का? नाही. ८,००० चा चढउतार मी मनाने घेतला. खऱ्या जगात मेहनतीचा वाटा आणि नशिबाचा वाटा कुणी वेगळा काढून देत नाही. पण वजन ठरवताना कुठले प्रश्न विचारायचे हे तरी यातून कळतं: आकडा माणसाने हलतो का, आणखी कशाने हलतो, आणि माणसाला कुठे ओढतो?

आत्तापर्यंत धरून चाललो होतो की आकडा दत्ता घडवतो, पण लिहितो कुणी दुसरा. मोठ्या कंपनीत आकडा लिहिणाराही बहुतेक वेळा त्याच मॅनेजरच्या हाताखाली असतो. इथे दातारांचे हार्वर्डमधले सहकारी पॉल हीली आठवतात. मूळचे न्यूझीलंडचे. १९८५ साली, म्हणजे दातार नुकते शिकवायला लागले होते तेव्हा, हीलींनी ९४ बड्या अमेरिकी कंपन्यांचे बोनस करार घेतले आणि त्यांच्या नफ्याशी ताडून पाहिले. करारात बहुधा एक तळ असतो: नफा एवढ्याखाली गेला तर बोनस नाही. काही करारांत छतही असतं: नफा एवढ्यावर गेला तरी बोनस आणखी वाढणार नाही. नफ्यात रोकडीखेरीज अंदाजाचाही भाग असतो. किती उधारी बुडेल, किती माल निकामी ठरेल, वॉरंटीचा खर्च किती धरायचा. या अंदाजांत मॅनेजरचा हात सैल असतो.

हीलींना दिसलं की नफा तळ आणि छत यांच्या मध्ये असेल तर हे अंदाज नफा फुगवणाऱ्या बाजूला झुकतात. छताच्या वर गेला तर उलटे झुकतात, म्हणजे जादा नफा पुढच्या वर्षासाठी फडताळात ठेवायचा. आणि तळाच्या फार खाली असेल तरी उलटेच, कारण यंदा बोनस बुडालाच आहे, तर सगळी घाण यंदाच काढून टाका, पुढचं वर्ष चकाचक दिसेल. दहा वर्षांनी होल्टहाउसन, लार्कर आणि स्लोन यांनी जास्त बारीक माहिती घेऊन हे पुन्हा तपासलं. छताबद्दलचं खरं निघालं, तळाबद्दलचं त्यांना सापडलं नाही. अशी उलटतपासणी होते म्हणून मला हे शास्त्र आवडतं. आमच्या ऑफिसात एकदा लिहिलेलं सर्क्युलर दहा वर्षं कुणी वाचतसुद्धा नाही.

वाकड्या ओढीचं मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण २०१६ च्या सप्टेंबरात उघड झालं. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत प्रत्येक ग्राहकाला आठ उत्पादनं विकायची असं टार्गेट शाखांच्या डोक्यावर होतं. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावाने खाती आणि कार्डं उघडली, पहिल्या अंदाजाप्रमाणे सुमारे २० लाख. बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, काही वर्षांत मिळून सुमारे ५,३०० कर्मचारी काढले गेले, आणि ऑक्टोबरात प्रमुख जॉन स्टम्फ पायउतार झाले. खात्यांची संख्या हा अगदी स्वच्छ मोजता येणारा आकडा होता. ६४ पैशांची नासाडीच म्हणा ना.

आपल्याकडे कंपनी कायद्याने सार्वजनिक कंपन्यांतल्या वरच्या मंडळींच्या एकूण मानधनाला नफ्याच्या ११ टक्क्यांची साधारण मर्यादा घातली आहे. पण ही मर्यादा ‘किती’ची झाली. ‘कशावर’ आणि ‘केव्हा’ या प्रश्नांना रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या नोव्हेंबरात खासगी बँकांसाठी हात घातला. बँकप्रमुखाच्या एकूण पगारातला किमान निम्मा भाग कामगिरीवर बदलता हवा, त्या बदलत्या भागातला किमान ६० टक्के पुढच्या किमान तीन वर्षांत ढकलायचा, आणि मधल्या काळात काही घाण निघाली तर न दिलेला रोखायचा, दिलेलाही परत मागायचा. कर्जाचं खरं रूप तीन वर्षांनी कळतं, तर बोनसही तेव्हाच, असा हा विचार. दत्ताच्या भाषेत, वडा आज विकलास, पण गिऱ्हाईक उद्या परत आलं तर पैसे.

आणि ते ट्रक? माझ्या त्या पहिल्या कंपनीत पुढच्या वर्षी कुणाच्या तरी लक्षात आलं आणि सेल्सचा बोनस डिस्पॅचवरून वसुलीवर नेला. त्या ३१ मार्चला गेटवर एकही ट्रक नव्हता. साडेदहाला सेल्सची माणसं डीलरांकडून गोळा केलेले चेक घेऊन अकाउंट्समध्ये आली, एकेकाच्या हातात गठ्ठा. मी पावत्या फाडत बसलो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बँकेतून बाउन्स झालेल्या चेकांचा लिफाफा आला, आणि त्याची नोंदही मलाच करायची होती.